निजामाचा रेझर

न्हाई, तुमीच सांगा, माणसानं सांगायचं तरी किती डाव? पहिल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, भाकरी थापता थापता सांगितलं, ताट आदळून सांगितलं, की बाबा, तो रेझर म्हशीचा हाय, म्हशीचा! इस्वास ठेवला का कुणी? घरादारातून एकानं? मी बोलले की शेजारच्या घरचा टीव्ही लागलाय असं त्वांड करून बसायचे सगळे. मी सांगितलं व्हतं, पण माझ्यावर इस्वास ठेवतंय कोण!

तुमाला सांगते, आमचे मालक गोरेगाव ते हिंगोली जीप चालवतात. जिंदगीभर ह्यांनी दाढी कशी केली म्हणता? बाजाराच्या दिवशी फाट्यावर न्हाव्याकडं, न्हाईतर ते पिवळं, वापरून फेकायचं, पिलास्टिकचं असतंय ना, त्यानं, खरर खरर, जीप गरम होऊस्तोवर दाढी झाली, हाणला गेर. माणूस सुखी, जीप सुखी, बायको सुखी. मग एक दिवस हे आखाड्यावर, म्हंजी शेतातल्या आमच्या गोठ्यावर, पाना हुडकायला गेले. पाना घावला न्हाई. घावला काय? कोनाड्यात गोचिडाच्या औषधाचा जुना डबा, आन त्या डब्यात काळं ठिक्कर पडलेलं, शेणानं माखलेलं एक लोखंड. घरी आले ते नवरीमुलगी घरी आणल्यावानी दोन्ही हातांत धरून.

"गोजर, चिंच दे."

मी म्हणले, काहून? आमटी तर झाली.

"दे म्हणतो ना."

माझी वर्षाची निवडून, मीठ लावून ठेवलेली चिंच. ती घेतली आन बसले घाशीत. घासून राहिले, घासून राहिले, सकाळचा चहा गार, दुपारची भाकरी गार, आन तिसऱ्या पहारी ते लोखंड जे काय पिवळंधमक पितळ निघालं म्हणता! खाली मूठ, मुठीवर बारीक नक्षी, मूठ पिळली की वरची दोन झाकणं फुलाच्या पाकळ्यावानी उघडायची, मधी ब्लेड ठेवायचं, पुन्हा पिळलं की पाकळ्या बंद. हे उघडायचे, झाकायचे, उघडायचे, झाकायचे. लेकराला खुळखुळा घावल्यावर लेकरू बी इतकं हरखत न्हाई.

मी तवाच म्हणले, आहो, ठेवा तो जिथला तिथं. ह्यानं सासूबाई म्हैस भादरायच्या.

आता तुमाला म्हाईत असंल, न्हाई तर सांगते. म्हशीला केस वाढले की उवा पडतात, गोचीड बसतात, म्हणून साबणाचं पाणी लावून तिची समदी दाढी करतात, मानेपासून शेपटीपर्यंत. कुणी वस्तऱ्यानं करतं, कुणी कात्रीनं. माझ्या सासूबाईनं, आशाबाईनं, एक जुनं लुगडं देऊन दारावरच्या बोहारणीकडून हा रेझर घेतला व्हता, खास हरणीसाठी. हरणी म्हंजी आमची म्हैस. तवा ती पहिलारू व्हती. मी तिथंच उभी व्हते, लुगडं कुठलं ते बी सांगते, हिरवं, काठ फाटलेलं. सासूबाई त्या हरणीला अशी भादरायच्या की काय सांगू, माझ्या लगनात माझी बी कुणी इतकी उटणं लावून सेवा केली न्हाई. पितळंच्या वाटीत साबण फेसायचा, एक हात मारायचा, रेझर पाण्यात बुडवायचा, वाटीच्या काठावर टक टक आपटायचा, फिरून एक हात. आन ती म्हैस डोळे मिटून उभी. सासूबाई गेल्या, रेझर कोनाड्यात गेला. मी आपली कात्रीनं करते, मला कुठं इतका टाइम!

हे समदं मी सांगितलं. बराबर असंच सांगितलं. तर हे काय म्हणावं?

"गोजर, तुला त्यातलं काय कळतंय? हा आज्याचा हाय. माझ्या आज्याचा!"

आज्याचा! आहो, ह्यांच्या आज्याला मी पाह्यलंय. नवी नवरी म्हणून पाया पडले तर म्हातारबाबाची दाढी माझ्या डोक्याला लागली. छातीपर्यंत व्हती दाढी! त्या माणसानं उभ्या जल्मात गालाला पाणी सोडून काही लावलं न्हाई, तो कशाला रेझर घेतोय? तसं म्हणले मी. तर हे म्हणले, "ती दाढी वाढायच्या आधीचा हाय." घ्या! आता ह्याच्यावर तुमी काय बोलताल?

आन मामंजी, म्हंजी माझे सासरे, ग्यानबा. ह्यांनी बापाला इच्यारलं, "बाबा, हा आज्याचाच ना?" मामंजी बाजंवर पडलेले. पोरगं कवा जवळ बसत न्हाई, बोलत न्हाई, आज येऊन पायथ्याला बसलंय, जुन्या दिवसाचं इच्यारून राह्यलंय, म्हातारा इरघळला. म्हणला, "आसंल बाबा." झालं! "आसंल" चं "हाय" झालं, आन "हाय" चं पार हैदराबाद झालं.

कारण ह्यांनी काय केलं, त्या रेझरचा फोटो काढून मोबाइलवर टाकला. तिथं ह्यांच्यावानीच रिकामे गडी भेटले, त्यांचा ग्रुप, नाव काय तर म्हणे 'गुळगुळीत'. कुणी नांदेडचा, कुणी पुण्याचा, समद्यांपाशी बापजाद्यांचे रेझर, आन सकाळी उठून राम राम न्हाई, देवाचं नाव न्हाई, एकमेकांला गाल दाखवतात! बाप्यांनी बाप्यांला! त्यातल्या एकानं लिव्हलं, हा निजामाच्या टायमाचा दिसतोय. बस. दुसऱ्या दिवशी जीपमधी मी माझ्या कानानं ऐकलं, "आमच्या आज्याला निजामाच्या मोठ्या साहेबानं खूश होऊन दिला." पुढच्या बाजाराला साहेबाचा नवाब झाला. मी म्हणले आणखी थोडं थांबा, निजाम सोता गोरेगावात येऊन आज्याची दाढी करून जातो का न्हाई बघा.

मी सांगितलं व्हतं. पण माझ्यावर इस्वास ठेवतंय कोण!

आन त्या दाढीचा थाट म्हंजी काय इच्यारू नका. पहिलं गरम पाण्याचा टावेल तोंडावर. टावेल कुठला? माझं दह्याचं फडकं. मग सासूबाईचीच ती पितळंची वाटी. मग बिरश. बिरश फिरवायचा गोल, गोल, गोल, फेस असा यावा की उलटी केली तर वाटीतून पडू नये. मी म्हणले इतका हात ताकाला लावला असता तर लोणी आलं असतं. मग दाढी. ती काय एक असती? एकदा केसाच्या बाजूनं, मग फिरून फेस, एकदा आडवी, मग फिरून फेस, एकदा उलटी. एका त्वांडाच्या तीन दाढ्या! "दाबायचं न्हाई, गोजर. रेझरच्या वजनानं उतरू द्यायचं. आवाज ऐक, आवाज." मी कशाचा आवाज ऐकू? मला भाईर जीपचा भोंगा ऐकू येऊन राह्यला. कारण हे महाराज दाढी कुठं करायचे? जीपच्या आरशात! आन जीपमधी माणसं भरलेली! मास्तर आत बसून वरडायचा, "विश्वंभर, आरं शाळा भरली आसंल!" हे तोंडाला फेस, मान वाकडी, म्हणायचे, "मास्तर, दाढी घाईची गोष्ट न्हाई." एक दवाखान्याला निघालेली म्हातारी तर म्हणली, "बाबा, ह्याची दाढी व्हईस्तोवर माझं दुखणं आपोआप बरं व्हईल."

शेवटाला तुरटी फिरवायची, आन मग मला गाल पुढं करायचे. "बघ हात लावून." मी हात लावला. खोटं कशाला बोलू, गाल मऊ झाला व्हता. लई मऊ. मी म्हणले, हां, हरणीचा बी असाच व्हायचा. तर फणकारून जीपमधी जाऊन बसले.

आता तुमी म्हणाल, गोजरबाई, कशाला इतकं मनाला लावून घेता, करू द्या की बाप्याला दाढी. मी बी तेच म्हणले व्हते. दाढी तुमची, म्हैस तुमची, रेझर तुमचा, तुमचं तुमी बघा. पण पुढं काय झालं, ह्या दाढीत माझ्या लेकीचं लगीन येऊन अडकलं!

त्या गुळगुळीत मंडळीत एक अमृतराव व्हते, वारंगा फाट्याचे. तिथं रोडला त्यांचं टायरचं दुकान. त्यांच्यापाशी बी बापाचा रेझर. ह्यांचं आन त्यांचं असं जमलं की सकाळ झाली की फोन. "फेस कसा आला?" "आज घट्ट आला." "साबण कोणता?" बायकांनी फोनवर भाजी इच्यारली तर म्हणे टाइमपास! तर त्या फेसातून निघालं की त्यांचं पोरगं लगनाचं हाय, आन आमची कोमल बी लगनाची हाय. पोरगं चांगलं, बापासंगं दुकान बघणारं, तोंडाला शिवी न्हाई. कोमलनं फोटो पाह्यला आन मोबाइल उशाखाली घालून झोपली, तवाच मी वळखलं. मला बी जागा पसंत. लोक पत्रिका जुळवतात, आमचे गाल जुळले.

ठरलं, अमृतराव आन त्यांची मालकीण कमलबाई पोरगी पाह्याला येणार. आन आदल्या दिवशी ह्यांनी मला काय सांगावं? "अमृतरावांनी मुद्दाम दाढी ठेवलीय. आपल्या आज्याच्या रेझरनं त्यांची दाढी मी करणार. त्यांची लई दिवसाची विच्छा हाय."

माझ्या हातातलं पीठ परातीतच राह्यलं. आहो, होणाऱ्या इवायाच्या तोंडावर तुमी म्हशीचा रेझर फिरवणार? उद्या कळलं तर लगीन मोडंल, माझ्या लेकराचं हसं व्हईल, साऱ्या सेनगाव तालुक्यात लोक म्हणतील की ह्यांनी इवायाला भादरला!

हे म्हणले, "तुझं सुरू झालं व्हय पुन्हा?" मामंजी म्हणले, "सूनबाई, शुभ कामात असं बोलू न्हाई." आन माझी लेक, जिच्यासाठी मी जीव तोडून राहिले, ती हात जोडून म्हणली, "आई, तुला माझी शपथ हाय. उद्या म्हशीचा म बी काढू नको. पाव्हणे जाईस्तोवर तू बोलूच नको."

मला! मला म्हणली बोलू नको! बरं, म्हणले. लेकराच्या शपथेनं त्वांड बंद. शिवून टाकलं समजा.

आता खरी गंमत ऐका. मला गप बसवलं, आन ह्यांनी सोताच्या हातानं काय करावं? इवाई येणार, तर दारात दुभतं जनावर दिसाया पाहिजे, भरल्या घराची शोभा असती ती. म्हणून आखाड्यावरून हरणीला घरी आणली! धुतली, शिंगाला तेल लावलं, गळ्यात घुंगराची माळ घातली आन वट्ट्याजवळच्या खुंट्याला बांधली. इतके दिवस म्हैस शेतात, दाढी घरात, दोघींची गाठ न्हाई. मी ह्यांच्याकडं पाह्यलं. त्वांड उघडलं. कोमलनं डोळे वटारले. मिटलं.

पाव्हणे आले. अमृतराव म्हंजी धिप्पाड गडी, गालावर दाढी ही अशी खुटखुटीत वाढवलेली. कमलबाई हसऱ्या, बोलक्या. कोमलनं पाणी दिलं, पोहे दिले, कमलबाईनं पोरीला जवळ बसवून घेतलं, हात हातात घेतला. समदं असं छान चाललं व्हतं की तिथंच मोबाइलवर मुहूर्त काढावा. पण न्हाई. अमृतराव पोह्याची ताटली खाली ठेवून म्हणले, "विश्वंभरराव, आता त्या निजामाच्या वस्तूचं दर्शन व्हऊ द्या."

वट्ट्यावर खुर्ची मांडली. गरम टावेल. दह्याचं फडकंच, दुसरं हाय कुठं! वाटी आली, बिरश फिरला, फेस आला. अमृतरावांनी डोळे मिटले. मी चौकटीत उभी, कोमल माझ्या पदराला धरून, जशी काय मीच म्हैस हाय आन सुटून पळंल. ह्यांनी रेझर उचलला. पहिला हात मारला, कानापासून हनुवटीपर्यंत, सुर्रर्र. पाण्यात बुडवला. आन वाटीच्या काठावर आपटला.

टक टक.

हरणीचे कान ताठ.

मी पाह्यलं. दुसऱ्या कुणीच न्हाई. दुसरा हात, सुर्रर्र, पाण्यात, टक टक. हरणीनं चारा सोडला. मान वळवली. तिसरा हात. टक टक. आन तुमाला सांगते, त्या म्हशीनं एक हिसडा मारला, खुंटा उपसला, गळ्यात घुंगरं वाजवत, खुंटा मागं फरपटत, नवरीनं मांडवात यावं तशी वट्ट्यापाशी आली, आन अमृतरावांच्या खांद्यावर आपली हनुवटी ठेवून, मान लांब करून, डोळे मिटून उभी राह्यली!

"हाट!" हे वरडले. "हाट हाट! ए हरणे! व्हय मागं!"

हलती का! अमृतरावांचा एक गाल उघडा, दुसऱ्या गालावर फेस, आन खांद्यावर म्हैस. त्यांनी डोळे उघडले. म्हशीनं बी उघडले. दोघं एकमेकांकडं बघून राह्यले. अमृतराव हळूच म्हणले, "विश्वंभरराव... ही काहून आली?"

मला म्हाईत व्हतं काहून आली! माझ्या जिभंच्या टोकावर व्हतं! पण शपथ. मी पदर कोंबला तोंडात.

ह्यांनी घाबरून रेझर पुन्हा वाटीवर आपटला, टक टक, की हरणीनं मान वळवून दुसरी बाजू पुढं केली.

आन तवा बाजंवरचे मामंजी उठून बसले. म्हाताऱ्याचे डोळे पाण्यानं भरलेले. म्हणले, "आगं हरणे... तुला आशाचा हात आठवला व्हय गं! बिचारी बोहारणीला लुगडं देऊन तुझ्यासाठी हे मशीन घेऊन आली व्हती... असंच टक टक करायची बघ..."

झालं. निजाम गेला, नवाब गेला, साहेब गेला, आज्या गेला. वट्ट्यावर राह्यली बोहारीण आन म्हैस. ह्यांचा हात तसाच वर, रेझर धरलेला. कोमलनं माझा पदर सोडला आन तोंडावर हात घेतले. मी मनात म्हणले, संपलं. मोडलं लगीन. गेलं माझ्या लेकराचं सोनं.

अमृतराव म्हणले, "म्हंजी... हा रेझर... हिचा?"

आन एकदम कमलबाई! ती बाई जी हसत सुटली, पदर तोंडाला लावला तरी हसू मावंना, पोहे सांडले, चहा सांडला, खाली बसली, पोट धरून म्हणली, "आवो, रोज सकाळी आरशात गाल दाखवून मला वात आणला व्हता तुमी... घ्या आता... म्हशीच्या रांगंत बसवलं तुमाला!"

मला तर ती बाई तिथंच सख्ख्या बहिणीवानी वाटली. इतक्या दिवसात पहिलं शहाणं माणूस!

अमृतरावांनी झालेल्या गालावर हात फिरवला. एकदा खालून वर, एकदा वरून खाली. मग हरणीच्या मानंवर हात फिरवला. आन म्हणले, "पण खरं सांगू का विश्वंभरराव? गाल असा माझ्या लगनात बी झाला नव्हता. राह्यलेली बाजू उरका. आर्धी दाढी घेऊन मी काय वारंग्याला जात न्हाई. आन माझं झालं की ब्लेड बदलून हिची बी करा. ती आपल्या आधीचं गिऱ्हाईक हाय."

जमलं! आहो, जमलं लगीन! कमलबाईनं तिथंच कोमलच्या कपाळाला कुंकू लावलं, माझ्या गळ्यात पडली, इहीणबाई म्हणली. मामंजीनं हरणीला गूळ चारला. आन ह्यांनी गपगुमान म्हशीला साबण लावला. पहिल्यांदा मला बघायला मिळालं, निजामाचा रेझर आपल्या कामाला लागलेला.

आता तुमी म्हणाल, गोजरबाई, मग तुमचं खरं झालं की! आता तरी मान्य केलं असंल! आता तरी म्हणले असतील की बाई, तुझं बराबर व्हतं!

थांबा. घाई करू नका. दाढी घाईची गोष्ट न्हाई.

पाव्हणे निघताना अमृतरावांनी सहज इच्यारलं, "पण इवाई, इतके दिवस तुमाला घरात कुणी सांगितलं कसं न्हाई, हा म्हशीचा हाय म्हणून?"

हे काय म्हणले म्हाईत हाय? छाती पुढं काढून? "कुणीच न्हाई! एकानं बी न्हाई!"

मामंजी म्हणले, "मला कुठं कुणी नीट इच्यारलं?"

कोमल माझ्याकडं वळून म्हणली, "आई, तुला तर समदं म्हाईत व्हतं ना? मग म्हशीनं खुंटा वढला तवा तरी बोलायचं! तिथं गपचिप उभी काहून राह्यलीस?"

मी सांगितलं व्हतं! आरं, मी सांगितलं व्हतं! भाकरी थापता थापता सांगितलं, ताट आदळून सांगितलं!

तर हे म्हणले, "ते तू रागात म्हणून राहिली व्हतीस. रागातलं कोण धरतंय? असं काही असलं म्हंजी शांत बसून, समजून सांगायचं असतं."

आता रोज सकाळी जीपमधी हीच कहाणी चालू हाय. गोरेगाव सुटलं की सुरू, ती हिंगोली येईस्तोवर. दाढी केलेला गाल मऊ, आवाज त्याहून मऊ. "इवायापुढं इज्जत जाता जाता वाचली बघा, निस्ती म्हशीच्या हुशारीनं. जनावर असून तिनं खरं सांगितलं. न्हाई तर घरातल्या एका माणसानं, समदं म्हाईत असून, लुगड्याचा रंग सुद्धा म्हाईत असून, शेवटपर्यंत त्वांड उघडलं न्हाई." मग लोक इच्यारतात, "कोण वो असं?" मास्तर मुद्दाम इच्यारतो, त्याला पाठ झालंय तरी. आन हे गेर बदलतात, एक लांब उसासा सोडतात, आन आरशात सोताचा गाल बघत म्हणतात, "दुसरं कोण? आमची गोजरबाई."